गच्चीवरचा धबधबा

दीनानाथला मोठ्याने बोलताना कुणी कधी ऐकलं नव्हतं. कुवेतमध्ये फहाहीलजवळच्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात तो नियोजन विभागात इंजिनियर होता. मीटिंगमध्ये त्याचं म्हणणं शेजारचा माणूस पुन्हा सांगायचा, तेव्हा कुठे ते लोकांपर्यंत पोचायचं. बायको लीना म्हणायची, "अहो, तुम्ही घरात आहात की नाही हे चपला पाहून कळतं." लीना नर्स होती. सतरा वर्षांची मुलगी तेजस्वी कुवेतमध्येच जन्मली, वाढली. मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर द्यायची आणि उरलेला वेळ दार लावून कोरियन बँडची गाणी ऐकायची.

त्या गाण्यांतलं दीनानाथला ओ की ठो कळत नव्हतं. पण मुलगी दूर चालली आहे हे कळत होतं. माणूस पुस्तकातला, त्याने वाचायला सुरुवात केली. रंगीत केसांच्या त्या पोरांपासून मागे मागे जात तो पानसोरी या जुन्या कोरियन गायनप्रकारापाशी पोचला. एक गायिका, हातात पंखा. शेजारी एक ढोलवाला. आणि एकच कथा तासन्‌तास, कधी गाऊन, कधी नुसती सांगून. आपल्या कीर्तनासारखंच की हे, असं त्याला वाटलं. त्याने भीतभीत तेजस्वीला एक व्हिडिओ दाखवला. ती हसेल अशी त्याची खात्री होती. पण तो खरखरीत, पोटातून ओढून काढलेला आवाज ऐकत ती शेवटपर्यंत बसून राहिली.

"बाबा, हा ढोलवाला मध्येमध्ये ओरडतो का?"

ते ओरडणं नव्हे, दाद आहे, त्याने सांगितलं. गाणारीचा दम उखडायला लागला की ढोलवाल्याने 'चाल्हान्दा' म्हणायचं, म्हणजे 'छान चाललंय'. ऐकणाऱ्यांनीही म्हणायचं. तिथे गप्प बसणं हा अपमान. तेजस्वी म्हणाली, आमच्या कॉन्सर्टमध्येही सेम असतं, ठरलेल्या जागी सगळ्यांनी मिळून नावं घेऊन ओरडायचं. कित्येक महिन्यांत ती बापाशी इतकं सलग बोलली नव्हती.

ऑक्टोबरमध्ये कोरियन गाण्यांची स्पर्धा होती. बाकीची मुलं बँडचे नाच बसवत होती. तेजस्वीने व्हिडिओ ऐकून विलापाचा एक तुकडा पाठ केला आणि ढोलावर बापाला बसवलं. दुधाच्या पावडरचा मोठा रिकामा डबा मांडीशी घेऊन तो ठेके शिकला. पहिल्यांदा 'चाल्हान्दा' म्हणाला तेव्हा शब्द घशातच राहिला.

"असं म्हणालास तर मी स्टेजवर झोपेन, बाबा. लाऊडर."

काही दिवसांनी शेजाऱ्यांनी भिंतीवर ठोकलं. दीनानाथला लाज वाटायला हवी होती. त्याला मजा वाटली.

धबधब्याचं त्यानेच सांगितलं. जुने गायक डोंगरात धबधब्यासमोर बसून गात, पाण्याच्या आवाजावर आपला आवाज चढेपर्यंत. घशातून रक्त यायचं आणि मग खरा आवाज मिळायचा, असं त्याने वाचलं होतं. कुवेतमध्ये धबधबा कुठून आणायचा? तेजस्वीने इमारतीचा रखवालदार मुस्तफा याच्याकडून गच्चीची किल्ली मिळवली. गच्चीवर साऱ्या बिऱ्हाडांच्या एसीची यंत्रं रांगेने घरघरत असत, गरम वारा ओकत असत. रोज संध्याकाळी, धुळीत, ती त्यांच्यासमोर उभी राहून गाऊ लागली. मुस्तफाने एकदा दीनानाथला जिन्यात अडवून विचारलं, मुलगी वर का रडते, घरी काही झालंय का. ती गाते, असं सांगितल्यावर त्याने मान हलवली, पण त्याला ते पटलेलं दिसलं नाही.

कारखान्यातल्या कोरियन पार्क साहेबांना हे कळलं तेव्हा त्यांना आधी हसू आलं. मीसुद्धा मुलांबरोबर बँडचीच गाणी ऐकतो, म्हणाले. मग गंभीर झाले. ही विद्या गुरूसमोर बसून वर्षानुवर्षं शिकायची असते. कुठे थांबायचं ते गुरू सांगतो. व्हिडिओ सांगत नाही. दीनानाथने हे तेजस्वीच्या कानावर घालायचं ठरवलं. मग स्पर्धा होऊन जाऊ दे, असं ठरवलं. तिचं गाणं थांबलं असतं तर डबाही थांबला असता, आणि खोलीचं दार पुन्हा लागलं असतं.

स्पर्धेच्या सकाळी लीना ड्यूटीवर होती. तेजस्वीने बेसिनपाशी हाक मारली. हाक कसली, नुसती हवा. थुंकीत गुलाबी रेघ होती.

"बाबा, हेच ना ते?"

तिचा चेहरा उजळला होता. लीनाला फोन करावा असं त्याच्या मनात आलं. फोन खिशातच होता.

"हो," तो म्हणाला. "बहुतेक हेच." आणि त्याने तिला कोमट पाणी आणून दिलं.

हॉल पोरांनी भरला होता. सगळ्यांच्या हातात दिव्यांच्या रंगीत कांड्या. ही दोघं येऊन सतरंजीवर बसली तेव्हा मागे कुणीतरी खिदळलं. आयोजकांनी खरा ढोल दिला होता. तेजस्वी उभी राहिली, तिने पंखा उघडला. सुरुवात जमली, त्या घोगऱ्या आवाजाने हॉल गप्प झाला. मग चढाची ओळ आली आणि आवाज मध्येच चिरला. ती थांबली. तिने बापाकडे पाहिलं.

थांबू का, असं ती विचारत होती. त्याला ते तिथल्या तिथे कळलं. दोन संथ ठोके देऊन कथा तिथेच मिटवणं ढोलवाल्याच्या हातात होतं. दोघांनी वाकून नमस्कार केला असता, दहा पोरं हसली असती, आणि संपलं असतं. दीनानाथने छाती भरून श्वास घेतला.

"चाल्हान्दा!"

शब्द शेवटच्या रांगेपर्यंत गेला. पोरांना असं ओरडायची सवयच. त्यांनी तो उचलला, कांड्या हलायला लागल्या. तेजस्वीने डोळे मिटले, पोटातून ओढून ती ओळ पुन्हा घेतली, आणि वर जाता जाता आवाज तुटला. तोंड उघडं राहिलं, मानेच्या शिरा ताणलेल्या, पंखा वर धरलेला, आणि आवाज नाही. लोकांना वाटलं, हा विलापाचाच भाग. टाळ्या थांबेनात. दीनानाथ अजून वाजवत होता.

घशाच्या डॉक्टर तबस्सुम यांनी दुर्बिणीतून पाहिलं आणि लीनाला समजावलं. स्वरतंतूत रक्त साकळलं होतं. जखम आधीची असावी, तिच्यावर ताण दिला गेला. आधी कधी रक्त दिसलं होतं का, असं त्यांनी विचारलं. बापाकडे न बघता तेजस्वीने मान हलवली. नाही.

महिनाभर मौन झालं. मग ती बोलायला लागली, जाड, घोगऱ्या आवाजात. आता जो आहे तोच आवाज राहील, डॉक्टर म्हणाल्या, आणि गाण्याचं तुम्ही विसरा. लीनाने घरी कुणाला दोष दिला नाही. त्या सकाळचं तिला माहीत नव्हतं.

एका शुक्रवारी तिघं जेवत असताना नाशिकहून दीनानाथच्या आईचा फोन आला. तेजस्वीने तो उचलून टेबलावर स्पीकरवर टाकला.

"आजी, मी बोलतेय."

पलीकडून आजी म्हणाली, "कोण बोलतंय? माझ्या नातीला द्या जरा."

"आजी, मीच. तेजू."

"म्हातारीची चेष्टा करता होय? तेजूला बोलवा."

तेजस्वीने फोन बापाकडे सरकवला आणि ताटाकडे बघत राहिली. त्याने स्पीकर बंद करून फोन कानाला लावला. आईने विचारलं, तेजू कुठे आहे. ती समोर, हाताच्या अंतरावर बसली होती.

"क्लासला गेलीय," तो म्हणाला.

लीनाने हातातला घास खाली ठेवला.