बिजागरीवरचा रंग

मी एक जुना रणगाडा आहे खरा, पण मित्रांनो, मला तोफ नाही. तोफेच्या जागी माझ्या पाठीवर घडीचा लोखंडी पूल आहे. वाटेत ओढा किंवा खंदक आला की मी काठावर उभा राहतो, पूल उचलतो, मधल्या बिजागरीवर उलगडतो आणि पलीकडे टेकवतो. सारं काम पाच मिनिटांचं. त्यावरून आधी बाकीचे जातात. शेवटी मी जातो आणि पलीकडून पूल पुन्हा पाठीवर घेतो.

कारखान्यातून नवा आलो तेव्हा एका तोफवाल्या रणगाड्याचा चालक मला म्हणाला, "काय पाहुणे, बाजलं घेऊन कुठे निघालात?" मी तसा तापट. असा राग आला म्हणता! पण सैन्यातल्या अभियंत्यांच्या तुकडीत पोचलो आणि राग निवला. तिथे सगळेच बिनतोफेचे. एक गाडी पुढच्या नांगराने जमिनीतले सुरुंग उकरून बाजूला सारायची. दुसरी पडलेल्या भिंती ढकलून रस्ता मोकळा करायची. आमच्यावर कुणी गाणी रचत नाही. पण आम्ही वाट केली नाही, तर तोफवाल्यांचं घोडं पहिल्याच ओढ्याशी अडतं.

माझा सांभाळ मिस्त्रीकाकांकडे होता. चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली, चारचौघांत तोंड बंद, आणि माझ्याशी मात्र अखंड बडबड. दर आठवड्याला ते वर चढत, बिजागरीवरच्या छोट्या तोंडाला ग्रीसची पिचकारी लावत आणि म्हणत, "घे बाबा, पोटभर घे." एवढ्या मायेने मला कुणी भरवलं नाही.

एकदा मोठे साहेब पाहणीला येणार असा निरोप आला. दोन दिवसांत सगळ्या गाड्या नव्यासारख्या दिसायला हव्यात, असा हुकूम सुटला. मिस्त्रीकाकांनी ब्रश हाती घेतला. घाईघाईत ग्रीसच्या तोंडावरूनही रंग फिरला, तोही दोन हात. मोठे साहेब माझ्याकडे बोट दाखवून "वा!" म्हणाले आणि मी फुगलो. बडा घर पोकळ वासा, हे मला तेव्हा कुठलं कळायला! पुढच्या आठवड्यात पिचकारी लावली, तर ग्रीस आत न जाता बाहेरच ओघळलं. काका हसले. "पोट भरलेलं दिसतंय तुझं," म्हणाले आणि फडक्याने पुसून खाली उतरले. पुढे दर आठवड्याला हेच चाललं.

तीन महिन्यांनी आम्ही लढाईवर गेलो. एका ओढ्यावरचा दगडी पूल शत्रूने उडवला होता आणि आमच्या जखमींची रुग्णगाडी पलीकडे अडकली होती. तिच्यातल्या डॉक्टरबाई वायरलेसवर सांगत होत्या, "एकाचं रक्त थांबत नाहीये. लवकर करा!" माझा चालक लंबू याने लिव्हर ओढला. पूल वर गेला, अर्धा उलगडला, करकरला आणि तसाच आभाळात अडकला.

मिस्त्रीकाकांनी एकदाच वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं, त्यांना रंग आठवला. पिचकारी आणि हातोडा घेऊन ते माझ्यावर चढू लागले.

"लंबू, मी उतरेपर्यंत लिव्हरला हात लावशील तर याद राख!"

"काका, समोरून गोळ्या येतायत!"

"दिसतायत मला. चष्मा आहे मला."

खिशातल्या चाकूने त्यांनी रंग खरवडला, ग्रीस भरलं, बिजागरीच्या खिळीवर घाव घातले. वीस मिनिटं गेली. ते उतरल्यावर पूल सरसर उलगडला आणि रुग्णगाडी अलीकडे आली. रक्त वाहणारा तो जवान वायरलेस सांभाळणारा होता. तो वाचला, पण त्याचा पाय गेला.

दुसऱ्या दिवशी तुकडीच्या साहेबांनी सगळ्यांसमोर काकांची पाठ थोपटली आणि पदकासाठी नाव पाठवतो म्हणाले. काका म्हणाले, "साहेब, आधी माझं ऐका. पूल मी सोडवला, तसा अडकवलाही मीच. तोंडावर रंग मारला आणि ग्रीस जात नाही हे बघूनही बघितलं नाही." लंबू त्यांची बाही ओढत राहिला. कुणी विचारलं नव्हतं. मी एकटा साक्षीदार होतो, आणि मला बोलता येत नाही.

पदकाचं नाव पुन्हा निघालं नाही. पण त्याच दिवशी सगळ्या गाड्या तपासल्या गेल्या. नांगरवाल्या गाडीचीही दोन तोंडं रंगाने बुजलेली सापडली. ती लगेच मोकळी केली. दुसऱ्या सकाळी ती गाडी सुरुंग पेरलेल्या रानात उतरली आणि तिच्यातले तिघेही धडधाकट परत आले.

पुढे काका इस्पितळात त्या वायरलेसवाल्याला भेटले. लंबूने मागाहून माझ्या पोटात बसून हे कुणाला तरी सांगितलं. तो जवान काकांना म्हणाला, "पाय सुरुंगाने नेला. वीस मिनिटं तुम्ही नेलीत, ती मी अजून माफ केलेली नाहीत. पण तोंडावर सांगायला आलात. बसा."

आता मी अभियंत्यांच्या प्रशिक्षण शाळेत उभा आहे. नवी मुलं-मुली माझ्यावर हात बसवतात. मिस्त्रीकाका निवृत्त झालेत, तरी प्रत्येक नव्या वर्गासमोर येतात आणि आपली चूक आपल्याच तोंडाने सांगतात. वायरलेसवालाही इथेच शिकवतो. काका बोलत असतात तेव्हा तो कुबडीवर भार देऊन शेवटपर्यंत उभा राहतो.

मित्रांनो, काकांनी मला वर्षानुवर्षं भरवलं, गोळ्यांत माझ्या अंगावर चढले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहेच. पण सर्वांत मोठे उपकार आहेत ते त्या एका कबुलीचे. तुमच्याकडच्या यंत्रांना वेळच्या वेळी तेल घाला, ग्रीस आत जातंय का ते नीट बघा. आणि एखादे दिवशी हातून चुकलंच, तर कुणी विचारायची वाट पाहू नका. तुमच्या सांगण्यावर कुणाचं घरी परतणं अवलंबून आहे, हे तुम्हाला ठाऊक नसतं.