बेल्टचं वय

नर्सबाईंच्या नणंदेला घरात सगळे चिमणी म्हणत. लहानपणी मूठभर होती तेव्हा पडलेलं नाव. आता ती पंचेचाळिशीची, खांद्यांनी भरभक्कम आणि गाडीचं चाक एका हाताने उचलून भिंतीला टेकवणारी बाई झाली होती. नाव मात्र तिला चिकटलं ते चिकटलंच. शिक्षण अर्धवट सोडून ती गॅरेजात काम शिकायला गेली आणि पुढे तिने स्वतःचं गॅरेज काढलं, हे नर्सबाईंना लग्न झाल्यापासून खटकत आलं होतं. तोंडावर त्या कधी काही बोलल्या नाहीत. पण वीस वर्षांत घरची एकही गाडी चिमणीकडे दुरुस्तीला गेली नव्हती, यातच काय ते आलं.

नर्सबाईंचं काम घरोघर फिरण्याचं. अंथरुणाला खिळलेल्यांच्या जखमा धुवायच्या, बाळंतिणींना तपासायचं, म्हाताऱ्यांच्या औषधांचा गोंधळ निस्तरायचा. टेकडीवरच्या वस्तीपर्यंत जावं लागे, म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनी एका निवृत्त मास्तरांची गाडी घेतली होती. गाडी अकरा वर्षांची, पण जेमतेम पन्नास हजार किलोमीटर चाललेली. मास्तरांनी ती इतकी जपलेली की मागच्या सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं.

एका रविवारी चिमणी भावाकडे जेवायला आली. पहिला घास घेऊन होतो न होतो तोच तिने विचारलं,

"वहिनी, तुमच्या गाडीचा टायमिंग बेल्ट कधी बदललाय?"

"अजून वेळ आहे. पुस्तकात नव्वद हजार लिहिलंय. मी वाचलंय ना."

"नव्वद हजार किंवा?"

"किंवा काय?"

"पुढे काहीतरी असेल की लिहिलेलं."

"चिमणे, जेवू दे तिला," नर्सबाईंचा नवरा म्हणाला.

नर्सबाईंनी आमटीची वाटी जरा जोरातच ठेवली. "वन्सं, गाडी एकदम गुपचूप चालते. खुट्ट आवाज नाही."

"बेल्ट आवाज करतच नाही हो. तुटायच्या आदल्या दिवशीही नाही. रबर आहे ते, गाडी उभी असली तरी म्हातारं होतं. तुमच्या कपाटात औषधाची बाटली न उघडता पडून राहिली, म्हणून तिची तारीख टळते का?"

नर्सबाईंना हे झोंबलं. खरं होतं म्हणून जास्तच झोंबलं. चिमणी गेल्यावर त्यांनी गाडीतलं पुस्तक आणलं, चष्मा लावला आणि ते पान काढलं. नव्वद हजारांच्या खाली बारीक अक्षरांत ओळ होती: 'किंवा सहा वर्षे, यांपैकी जे आधी होईल ते.' गोळ्यांच्या पाकिटाच्या दोन्ही बाजू वाचल्याशिवाय रोग्याला गोळी न देणारी बाई ती. आपण अर्धंच वाक्य वाचून दोन वर्षं गाडी हाकली, याची त्यांना लाज वाटली.

त्यांनी मास्तरांना फोन लावला. "बेल्ट? कुठला बेल्ट?" मास्तर गडबडले. "मी आपला तेल बदलायचो आणि काचा पुसायचो." मग नेहमीच्या मेकॅनिकला विचारलं. तो म्हणाला, "छान चालतेय ना? मग उघडायची कशाला?" हे वाक्य नर्सबाईंच्या चांगल्या ओळखीचं होतं. दुखत नाही ना, मग तपासायचं कशाला, असं म्हणणारे लोक त्यांना रोज भेटत. त्यांनी फोन ठेवला आणि चिमणीला लावला.

"गुरुवारी सकाळी आणा," चिमणी म्हणाली. "दिवस जाईल. आणि वहिनी, तोवर चढावर नेऊ नका."

गुरुवारी नर्सबाईंनी रजा टाकली. गाडी ठेवून परत यायचं ठरवलं होतं, पण चिमणीने स्टूल पुढे केलं तेव्हा त्या बसल्या. खरं तर थोडी पाळत ठेवायची होती. गॅरेज म्हणजे काळंकुट्ट, तेलकट काहीतरी असणार अशी त्यांची समजूत. इथे नट-बोल्ट खोलायचे पाने लांबीप्रमाणे भिंतीला टांगलेले होते आणि प्रत्येकाच्या मागे त्याच्याच आकाराची रेघ आखलेली होती. म्हणजे एखादा जागेवर नसला तर लगेच कळावं. ऑपरेशनच्या खोलीत असंच असतं, हे त्यांच्या लक्षात आलं.

चिमणीने पुढचं उजवं चाक काढलं. इंजिनखाली जॅक लावला, मध्ये लाकडाचा ठोकळा ठेवला आणि इंजिन ज्यावर तोललेलं असतं तो आधार सोडवला. खालच्या पुलीचा बोल्ट काही केल्या हलेना. तिने पान्याला हातभर पाइप लावला, पाय रोवले आणि अंगाचा भार टाकला. कट्‌कन आवाज झाला. "सुटला," ती म्हणाली, जणू कोणाचा तरी रुसवा सुटला असावा. काढलेला प्रत्येक स्क्रू पुठ्ठ्यावर, जिथून निघाला त्याच क्रमाने लागत होता. शेवटी झाकण निघालं आणि बेल्ट दिसला: काळा, दातेरी, चांगला धडधाकट.

"हा तर नव्यासारखा आहे," नर्सबाई म्हणाल्या. आपलंच खरं ठरलं म्हणून त्यांना जरा बरंही वाटलं.

चिमणीने बेल्ट काढून हातात घेतला आणि उलटा वाकवला. दात्यांच्या मुळाशी केसाएवढ्या भेगा उघडल्या. एकाला नाही, दहाएक दात्यांना. दोन दाते तर नखाने हलत होते.

"हा तुटला तर काय होतं?"

"वरचे वॉल्व्ह आणि खालचे पिस्टन याच्याच तालावर हलतात. हा तुटला की ताल गेला. मग ते धाडकन एकमेकांवर आदळतात. इंजिन जागच्या जागी बंद, आणि आतून मोडतं ते वेगळंच."

मागच्याच आठवड्यात नर्सबाईंनी याच गाडीतून टेकडीवरची एक बाळंतीण आणि तिचं चार दिवसांचं पिवळं पडलेलं बाळ दवाखान्यात उतरवलं होतं. वाटेत एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला दरी.

चिमणीने बेल्टबरोबर त्याला ताणून धरणारा टेन्शनर बदलला, आणि वॉटर पंपही. पंपाच्या कडेला पाणी झिरपून वाळल्याची पांढरी रेघ होती. "हा पुढच्या वर्षी गेला असता आणि हे सगळं पुन्हा उघडावं लागलं असतं," ती म्हणाली. नवा बेल्ट चढवून तिने वरच्या दोन आणि खालच्या एका पुलीवरच्या खुणा इंजिनावरच्या खुणांशी जुळवल्या. मग चावीला हातही न लावता, लांब पान्याने इंजिन हाताने फिरवायला घेतलं. सावकाश, कान देऊन. दोन पूर्ण फेरे. थांबली आणि नर्सबाईंकडे वळली.

"वहिनी, चष्मा लावा आणि इकडे या. तिन्ही खुणा जुळल्यात का सांगा."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"म्हणूनच. माझे डोळे आता 'बरोबर आहे' असंच बघणार. तासभर मीच खपलेय ना त्यावर."

नर्सबाई वॉर्डात होत्या तेव्हा जहाल औषधाची मात्रा त्या स्वतः काढत आणि दुसरीला मोजायला लावत. आपलं काम आपल्यालाच तपासता येत नाही, हे शिकायला त्यांना दहा वर्षं लागली होती, आणि एक चूक. ती चूक त्यांनी आजवर कोणाला सांगितली नव्हती.

त्या वाकल्या. टॉर्च धरून एकेक खूण पाहिली, पुन्हा पाहिली. "खालची बरोबर. उजवी बरोबर. डावी... वन्सं, डावी जरा मागे आहे का हो?"

चिमणीने डोकं आत घातलं. डावी खूण नखाने चाचपली. मग म्हणाली, "एक दाता. बेल्ट ताणताना सरकला."

"एकच दाता? मग गाडी चालणार नाही?"

"चालेल. थोडी मरगळल्यासारखी. तुमच्या लक्षातही येणार नाही." हे म्हणतानाच तिच्या हाताने पाना उचलला होता आणि टेन्शनर सैल केला होता.

सकाळपासून केलेलं अर्धं काम तिने पुन्हा उलगडलं. चिडली नाही, कपाळावर आठी नाही. मध्ये एकदा फक्त म्हणाली, "बरं झालं, तुम्ही थांबलात." दुसऱ्यांदा खुणा जुळवल्या, दोन फेरे फिरवले, पुन्हा नर्सबाईंना बोलावलं. नर्सबाईंनी या वेळी तीनदा पाहिलं. मग चिमणीने, उगीच शंका नको म्हणून, आणखी दोन फेरे फिरवले.

चार वाजता तिने चावी फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. चिमणी हसली नाही. बॉनेटवर तळहात ठेवून मिनिटभर ऐकत राहिली आणि मगच तिचे खांदे सैल पडले. एका चिठ्ठीवर तिने तारीख आणि किलोमीटर लिहिले, खाली 'सहा वर्षे' हे शब्द मोठ्या अक्षरांत लिहिले आणि चिठ्ठी बॉनेटच्या आत चिकटवली.

हात धुताना तिच्या मनगटावर भाजल्याचा तीन-चार दिवसांचा चट्टा दिसला, कडेला थोडा पिकलेला. नर्सबाईंनी काही न विचारता आपली औषधांची पिशवी उघडली, तिला स्टुलावर बसवलं आणि जखम साफ केली.

"एवढंसं तर आहे," चिमणी म्हणाली.

"हात पुढे करा. आणि हलू नका."

नवरा कामावरून परस्पर तिथेच आला तेव्हा दोघी चहा पीत होत्या. "झालं का गं, चिमणे?" त्याने विचारलं. उत्तर बायकोने दिलं. भेगा, पंप, सरकलेला दाता, पुन्हा पुन्हा फिरवलेले फेरे, सगळं हातवारे करून. तो बहिणीकडे बघायला लागला. तिने खांदे उडवले.

"आपण इतकी वर्षं हिच्याकडे का नाही आलो?" नर्सबाईंनी त्याला विचारलं. उत्तर खुद्द नर्सबाईंकडेच होतं, आणि चिमणीलाही माहीत असावं, कारण तिने पटकन कप उचलला आणि म्हणाली, "राहू द्या हो, वहिनी."

"नाही, राहू द्यायचं नाही," नर्सबाई म्हणाल्या. "माझंच चुकलं, वन्सं."

पुढच्या सोमवारी त्या टेकडीवर गेल्या. बाळ गुलाबी झालं होतं आणि भुकेने टाहो फोडत होतं. वजन करून झाल्यावर बाळाच्या आजोबांनी दारातली गाडी बघत विचारलं, "बाई, गाडी कोणाकडे देता हो? आमची फार त्रास देतेय."

"माझ्या नणंदेकडे," नर्सबाई म्हणाल्या, आणि पत्ता लिहून द्यायला पेन शोधू लागल्या.