पाचाचा शिक्का, साडेतीनाचा माल

मित्रांनो, मी एक जुने पितळी वजन आहे. माझ्या अंगावर 'पाच ग्रॅम' असे कोरले आहे. ते वाचून विश्वास ठेवू नका. एका मुलीने ठेवला होता.

शाळेच्या प्रयोगशाळेत, मखमलीच्या पेटीत माझी जागा. चिमट्याने धरायला माझ्या डोक्यावर छोटी मूठ होती. एकदा मामांच्या हातून मी फरशीवर पडलो आणि ती तुटली. मामा म्हणजे प्रयोगशाळेचे मदतनीस. त्यांनी तुटकी जागा कानशीने घासली, मला आरशासारखे चकचकीत केले आणि गुपचूप पेटीत ठेवले. पुढे पाहुणे आले की म्हणायचे, "वाहवा, काय लखलखतात वजनं!" मी दीड ग्रॅमने घटलो होतो आणि स्तुतीने फुगलो होतो.

मग तो प्रयोग आला. लोखंडाचा कीस आणि गंधक एकत्र तापवायचे. दोघांतले जे आधी संपते, तिथेच अभिक्रिया थांबते. ते कोणते, हे अगोदरच लिहायचे. गावातल्या शिंपीकाकांच्या मुलीने लिहिले: 'चौदा ग्रॅम लोखंडाला आठ ग्रॅम गंधक लागते. गंधक नऊ आहे. म्हणून लोखंड आधी संपेल.' उत्तर बिनचूक. लोखंड तिने इतर वजनांनी तोलले. गंधकाला मात्र दोन-दोनच्या जोडीला मला घेतले. नऊ म्हणून साडेसातच मुशीत गेले.

मूस थंड झाल्यावर सरांनी आतला गोळा कुटून चुंबक फिरवला. उरलेले लोखंड टपाटप चिकटले.

"संपलं म्हणे!" सर म्हणाले. "मग हा चुंबक काय तुझी थट्टा करतोय?"

वर्ग हसला. मुलगी पुटपुटली, "माझ्याच हातून गंधक सांडलं असेल, सर." आणि बरोबर उत्तरावर तिने काट मारली. मी मखमलीत पडून चकाकत होतो. दुसरे काही येत नव्हते.

वर्ग सुटल्यावर ती टेबलाखाली वाकून न सांडलेले गंधक शोधू लागली. वर्गातले सगळे दारातून ऐकलेले मामा झाडू घेऊन आले आणि थबकले.

"उठ गं पोरी," ते म्हणाले. त्यांनी एका पारड्यात मला ठेवले, दुसऱ्यात दोन, दोन आणि एक. मी झटकन वर गेलो.

"तू नाही सांडलंस. सांडलं ते माझ्या हातून. दोन वर्षं झाली."

दुसऱ्या दिवशी मामांनी हे भर वर्गात सांगितले. सरांनी ते उत्तर तिच्या वहीत स्वतःच्या हाताने पुन्हा लिहिले.

आता मी सरांच्या टेबलावर कागद दाबून ठेवतो. त्याला साडेतीन पुरते. मित्रांनो, वजने खुशाल घासा, पण कधीतरी त्यांनाही तोलून बघा. ती मुलगी आता तोलते. पण तोलून झाले की आधी फरशीकडे बघते.