मिथुनच्या दातांतली शिट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. मी गोड बोलावं अशी अपेक्षा असेल तर पुढे वाचू नका. मी आज भांडायला बसले आहे.

पितळेचा पत्रा वाकवून, पोटात बुचाचा मणी घालून मला घडवलं. घाटकोपरच्या टेकडीवर कॉलेजच्या मुलींचं एक गोविंदा पथक आहे. त्या पथकाला शिकवणाऱ्या सीतारामकाकांनी मला गळ्यात घातलं. काकांचा एक नियम होता. तळाच्या थरातल्या कुणीही टाच आपटली की शिट्टी वाजणार आणि सगळ्या खाली उतरणार. का, कशाला, विचारायचं नाही. वरच्याला हंडी दिसते, खालच्याला वजन कळतं, असं ते म्हणत. त्यामुळे आमच्या हंड्या कमी फुटल्या. इतर पथकं हसायची. काकांना त्याचं काही वाटत नसे, आणि मुली धडधाकट घरी जायच्या.

काका थकून कणकवलीला गेले आणि मी पथकाचा नवा लीडर झालेल्या मिथुनच्या गळ्यात पडले. त्याने मला घासून चकचकीत केलं, जाड साखळी लावली. पाठीवर स्वतःचं नाव छापलेले टी-शर्ट मुलींना वाटले. मला तेव्हाच किळस आली होती, पण शिट्टीला विचारतो कोण?

एका सरावाला, निवडणुकीला उभं राहू पाहणारे एक साहेब व्हिडिओवाला घेऊन आले. मिथुनने त्यांना सात थर कबूल करून टाकले होते. मुलींना सहाच जमत होते. सगळ्यात वर जाणाऱ्या श्रुतिकाने कमरेला बांधायची दोरी मागितली.

"दोरी व्हिडिओत दिसते गं. एकदाच चढ ना," मिथुन म्हणाला.

ती चढली. तळाला जानकी होती. सहावा थर उभा राहिला आणि जानकीने टाच आपटली. मी मिथुनच्या दातांत होते. त्याने पाहिलं, मित्रांनो. नीट पाहिलं. तिने पुन्हा आपटली. हा आपला कॅमेऱ्याकडे बघत उभा. मला स्वतःहून वाजता आलं असतं तर त्याचे दात पाडून वाजले असते.

थर कोसळले. श्रुतिकाचा हात कोपरात मोडला. साहेबांनी गुपचूप गाडी काढली. आणि हा नालायक जानकीवरच ओरडला, की खालून तूच सोडलंस.

पुढच्या रविवारी त्याने पुन्हा सराव लावला. मी घसा फाटेपर्यंत वाजले. मुली कट्ट्यावरून हलल्या नाहीत. शेवटी जानकी उठून त्याच्यासमोर आली.

"शिट्टी दे इकडे," ती म्हणाली. "आणि आज तू तळाला उभा राहा."

"मी लीडर आहे."

"मग ये ना खाली."

तो आला नाही. मला खिशात कोंबून निघून गेला. आता मी त्याच्या गाडीच्या आरशाला लटकते. मुली जानकीच्या टाळीवर चढतात-उतरतात, असं कानावर येतं. बरं झालं.

आम्हा वस्तूंची शेवटी काहीतरी मागायची रीत असते. मला पुसू नका, जपून ठेवू नका. उद्या तुमच्या सोसायटीत, मंडळात, ऑफिसात कुणी पुढारी व्हायला आला, तर त्याला आधी तळाला उभा करा आणि सगळे त्याच्या खांद्यावर चढा. नाही म्हणाला, तर तो कितीही शिट्ट्या मारो, चढू नका.