पडण्याची शिकवणी

२००६चा वर्ल्ड कप संपला आणि नवऱ्याने, सारंगने, आमच्या सात वर्षांच्या कादंबरीला फुटबॉलला घातलं. कोच रामिरो, पॅराग्वेचा निवृत्त स्ट्रायकर. शेवटची वर्षं इथल्याच एका क्लबकडून खेळलेला. आमच्या परदेशातल्या घराजवळच्या, बुकित पंजांगच्या मैदानावर सारंग भेटेल त्याला सांगायचा, "साधासुधा नाही, साउथ अमेरिकेचा माल आहे."

एका शनिवारी मॅच होती. गोलसमोर कादंबरी धाडकन पडली आणि घोटा धरून किंचाळली. मी पर्स, बाटली, सगळं टाकून धावले. हळूच डोळा मिचकावून ती इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली, "आई, अ‍ॅक्टिंग लाह. कोचनी शिकवलंय."

पेनल्टी मिळाली. कोच टाळ्या वाजवत होता.

हाफटाइमला मी त्याला गाठलं. "मुलांना खोटं पडायला शिकवता?"

"मॅडम, माझं अख्खं करिअर यावर झालं," तो हसत म्हणाला. "गोल थोडे, पेनल्ट्या पुष्कळ. पेपरवाले मला नट म्हणायचे. शेवटच्या मॅचला गुडघा खरंच गेला, तर रेफरीने यलो कार्ड दाखवलं. म्हणे, ऊठ, नाटकं पुरे. उठलो, खेळलो. गुडघा संपला, मीही संपलो."

सारंगला किस्सा फार आवडला. माझं डोकं तडकलं. ज्याने हा माणूस संपला, तेच हा फी घेऊन माझ्या लेकीला शिकवतोय, आणि आम्ही बाकावर बसून कौतुक करतोय.

"अगं, तू दर वेळी धावतेस, म्हणून तिला चेव येतो," सारंग म्हणाला. "आता पडली तर बसून राहा."

दुसऱ्या हाफमध्ये ती पुन्हा पडली. "आली बघा आमची नटी," सारंग म्हणाला. कोचही हसला. मी बाकाची कड घट्ट धरून बसले. पण या वेळी ती ओरडली नाही. रेफरीकडे तिने पाहिलंही नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली.

मी पोचले तोवर तिचं मनगट सुजायला लागलं होतं.

"आई, हे खरं आहे," ती म्हणाली. "देवाशपथ."

दुखतंय हे पोरीला स्वतःच्या आईला शपथ घेऊन सांगावं लागलं.

कोच लंगडत बर्फ घेऊन आला. "मॅडम, मला वाटलं…"

"तुमच्या वेळी कुणी आलं नाही, म्हणून हिच्या वेळीही येऊ नये का?"

तो तिच्याजवळ बसायला वाकला, पण गुडघा दुमडेना. मग उभ्यानेच त्याने बर्फाची पिशवी खाली धरली. मी ती हिसकावून घेतली.