तांबं घातलेला आवाज

"सांगून कुणाला पटायचं न्हाई," गौसचाचांनी बशीत चहा ओतता ओतता जाहीर केलं, "पण हुपरीच्या समद्या चांदीनं जे केलं न्हाई, ते माझ्या नातीच्या एका काळ्या पेटीनं करून दाखवलंय!"

"पटलं न्हाईच," गाड्यामागून जोतीराम म्हणाला. "हं, पुढं बोला."

राजारामपुरीतल्या त्या हॉलसमोर जोतीरामचा चहाचा गाडा होता. शेजारी रिक्षा लावून कृष्णात बाकावर टेकला होता. श्रोते दोनच, पण चाचांना समोर भिंत असली तरी चालत असे. आणि आज तर बोलणं भागच होतं. गप्प बसलं की नजर हॉलच्या दाराकडं जायची. आत त्यांची नात आफशीन वायरी जोडत होती.

मागच्या खेपेला याच हॉलमध्ये तिनं लॅपटॉपवर आपलं संगीत वाजवलं होतं. तिचं संगीत म्हणजे टेक्नो, आणि त्यातलंही अंधारातलं. खाली न थकणारा ठोका, त्यावर गुरगुरणारा खर्ज. गाणं म्हणाल तर औषधालाही नाही. पण त्या दिवशी ते गुरगुरलंच नाही. पत्र्यावर वाटाणे सांडावेत तसं वाजलं. निम्मा हॉल उठून चहाला बाहेर आला. जोतीरामला दूध पुरेना. घरी जाताना हुपरीच्या एसटीत खिडकीला डोकं लावून पोरगी चाचांना म्हणाली, "नाना, अजून एकदा. खरा सिंथेसायझर घेऊन. तवाबी लोक उठून गेले, तर पेटी परत आणि माझं वाजवणं कायमचं बंद."

ते 'अजून एकदा' म्हणजे आजची संध्याकाळ.

"आता पेटी घ्यायची म्हणजे पोरीला एकटीला कसं सोडणार?" चाचांनी बशी तोंडाला लावली. "मी गेलो की संगं. वाजवून घेणारा माणूस पायजे."

"तुम्हाला पेटी वाजवता येती?" कृष्णातनं विचारलं.

"पेटी न्हाई रे. माल!"

चाचांचा जन्म चांदीच्या पैंजणांच्या धंद्यात गेला होता. चांदी फरशीवर टाकायची आणि कान द्यायचा. खणखणीत वाजली तर माल चोख, बद्द वाजली तर भेसळ. या कानावर हुपरीतले व्यवहार ठरले होते. तोच कान घेऊन चाचा विजयसिंहाच्या वाद्यांच्या दुकानात शिरले. दुकान बँडवाल्यांचं, बेंजो पार्टीवाल्यांचं, भजनी मंडळांचं. तिथं दोन सिंथेसायझर होते. एक पांढराशुभ्र, आत सनईपासून सतारीपर्यंत सगळे आवाज तयार भरलेले. दुसरा काळा, वापरलेला, नुसत्या बटणांनी भरलेला. आत तयार असं काहीच नाही, जो आवाज पाहिजे तो बटणं पिळून आपणच घडवायचा. सनई नाही म्हणून कुणीतरी परत आणून दिलेला.

आफशीनचा हात सरळ काळ्यावर गेला. तिनं खालचा सूर दाबला. आवाज आला तो बद्द. विहिरीत धोंडा पडावा तसा.

"माल खोटा हाय!" चाचा ओरडले.

मग पांढऱ्याची एक पट्टी दाबली. खण्ण! चाचांचा चेहरा उजळला. विजयसिंह म्हणाला, "चाचांचा कान पक्का हाय बघा." आफशीन घुटमळली. पण नानांचा कान आजवर चुकलेला तिनं बघितला नव्हता. पांढरी पेटी हुपरीला आली.

घरी तिनं ठोका लावला आणि खर्ज धरला. कितीही खाली जा, सूर आपला पैंजणासारखा छुमछुम करत वर यायचा. भाकरी थापता थापता चाचांची बायको इमामबी कौतुकानं आतून म्हणाली, "अगं बाई, ग्वाड वाजतंय! कुणाची वरात हाय?"

आफशीननं पेटी बंद केली. ती रडली असती तर चाचांना सोपं गेलं असतं. रात्रभर ते पडल्या पडल्या कान खाजवत राहिले. ज्याला जन्मभर खोटं म्हणत आलो, नेमकं तेच पोरीला पाहिजे होतं.

"म्हणजे तुम्ही माती खाल्ली," जोतीराम म्हणाला.

"माती न्हाई, परीक्षा घेतली पोरीची!" चाचांनी बशी आपटली. "दुसऱ्या दिवशी पेटी बदलायला गेलो. आफशीननं काळ्याचा सूर धरला आणि एक बटण हळूहळू बंद करत आणलं. वरची चकाकी समदी गाळून टाकायचं बटण असतंय ते. सूर असा खाली बसत गेला, असा बसत गेला, की राधानगरीच्या म्हशी रवंथ थांबवून माना वर करून उभ्या राहिल्या!"

"राधानगरीला ऐकू गेलं?"

"ऐकू कशाला जायला पायजे? पायाखालनं गेलं!"

"बरं बरं. आन् दूध?"

"वाढलं."

जोतीरामनं कपाळाला हात लावला. चाचा पेटले होते.

खरं तर दुकानात काम तिथं संपलं नव्हतं. खर्ज मिळाला, पण तो नुसताच गुळगुळीत होता. आफशीन कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "लई स्वच्छ वाजतंय, नाना. धार न्हाई." विजयसिंहानं आवाजावर चढवायच्या छोट्या छोट्या डब्या काचेवर मांडल्या. एक आवाज फाडणारी, एक तोच ठोका मागून पुन्हा पुन्हा ऐकवणारी, एक घुमारा देणारी. तेव्हा चाचांना जे सुचलं ते आपल्या धंद्यातलंच. निव्वळ चोख चांदी मऊ पडते, तिचं पैंजण पायात टिकत नाही. अंगात बळ यायला तांबं घालावंच लागतं.

"तांबं घाल की बेटा!" म्हणत त्यांनी आवाज फाडणाऱ्या डबीचं बटण स्वतःच धरलं आणि शेवटापर्यंत पिळलं.

"आणि मग," चाचा बाकावरून अर्धे उठले, "रस्त्यानं चंदगडची एसटी चाललीवती, ती करकचून ब्रेक लावून दुकानासमोर उभी! ड्रायव्हर खाली उतरला आणि म्हणतोय, माझं इंजिन तुमच्या दुकानात कसं बोलालंय?"

कृष्णात पोट धरून हसला. आफशीन मात्र त्या वेळी हसली नव्हती. तिनं नानांच्या हातावर चापट मारली होती. "नाना, चांदीत तांबं घालायचं का तांब्यात चांदी?" आणि तिनं बटण मागं आणलं, पार मागं, जेमतेम चिमूटभर राहील इतकं. खर्जाला खरखरीत अंग आलं. घुमारा तिनं खर्जाला लावू दिला नाही. "खाली घुमारा लावला की नुसता चिखल हुतोय," म्हणाली. मागून ऐकवणारी डबी तिनं फक्त वरच्या बारीक टिकटिकीला जोडली. एका ऐरणीवर दोन कारागीर आळीपाळीनं हातोडी मारतात तशा त्या टिकटिकी एकमेकींच्या मागं धावू लागल्या.

मग ती डोळे मिटून वाजवू लागली, आणि काचा पुसत उभ्या असलेल्या विजयसिंहाचा पाय आपोआप ठेका धरू लागला. त्याला स्वतःला पत्ताही नव्हता. चाचांनी ते बघितलं आणि तोंड फिरवून सनया बघत राहिले, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं. साऱ्या कहाणीत ही गोष्ट शंभर नंबरी खरी होती, म्हणूनच ती त्यांनी गाड्यावर सांगितली नाही.

"ते जाऊ द्या," कृष्णात म्हणाला. "आज काय झालं ते सांगा. आज हितंच कार्यक्रम हाय न्हवं?"

चाचांची नजर दाराकडं गेलीच. त्यांनी घसा खाकरला.

"आज? आज तर कहर झाला! राधानगरी धरणाचे दरवाजे आपोआप उघडत्यात न्हवं? पाण्यानं उघडत्यात म्हणता तुम्ही. आज खर्जानं उघडले! आत एक माणूस खुर्चीवर न्हाई, समदे नाचालेत. म्हातारं न्हाई, तरणं न्हाई. आणि मागल्या खेपेसारखं एक तरी माणूस चहाला उठून आलं का? एक न्हाई! खोटं वाटतंय तर बघा की, हाय का कोण गाड्यावर?"

जोतीरामनं गाड्याभोवती बघितलं. खरंच कुणी नव्हतं. कृष्णातनं बाकाच्या मागं बघितलं. तिथंही कुणी नव्हतं. पुरावा बिनतोड होता.

चाचा विजयी मुद्रेनं मिशी पुसत असताना पाठीमागून कुणीतरी खुदकन हसलं. गळ्यात वायरीचं वेटोळं अडकवून आफशीन उभी होती. कधीपासून ऐकत होती कोण जाणे. एसटीतल्या त्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच अशी मोकळी हसत होती.

"खोटं हाय, जोतीरामकाका, साफ खोटं!" तिनं नानांना दंडाला धरून उठवलं. "लोक उठून येतील कुठनं? अजून हॉलचं दार उघडलेलंच न्हाई!"