सुटला की सोडला

धाकट्याला आपल्या हुशारीचं अजीर्ण झालं होतं. गल्लीच्या तोंडाशी पाटी लागली, 'पट्ट्याशिवाय कुत्रा रस्त्यावर आणू नये', तर या शहाण्यानं कोळशाच्या गळ्यात लाल पट्टा बांधला आणि दिला मोकाट सोडून. "पट्टा आहे ना? मग झालं तर." आईनं दोनदा बजावलं, "अरे, पट्ट्याला धरणारा हातही लागतो." पण पालथ्या घड्यावर पाणी.

आज व्हायचं ते झालं. समोरच्या नर्सबाई ड्यूटीवर निघाल्या आणि कोळशानं त्यांना भिंतीशी गाठलं. पिशवी छातीशी धरून त्या उभ्या, हलेनात. त्याची गुरगुर घशातच, दात मात्र सगळे बाहेर. आई पिठाच्या हातानंच बाहेर आली, पण धावली नाही. धावलं की तो झेप घेणार. एकेक पाऊल टाकत गेली, पट्ट्यात बोटं अडकवली, तोवर त्यानं बाईंची बाही टरकावलीच. कातडी वाचली, एवढंच.

तासाभरात नगरपालिकेचे साहेब कागद घेऊन हजर. मागे पिंजऱ्याची गाडी. एक तक्रार आधीचीच होती.

"मावशी, एवढंच सांगा. कुत्रा सुटला की सोडला? सुटला असेल तर समज देऊन जातो. सोडला असेल तर न्यावा लागेल. परत मिळेलच असं नाही."

धाकटा कानाशी लागला. "सुटला म्हण, आई. दीड अक्षराचा तर फरक."

कोळसा तिच्या पायावर हनुवटी टेकून बसला होता. डोळे उघडायच्या आधीपासून तिनंच त्याला बोळ्यानं दूध पाजलेलं. पलीकडे नर्सबाई फाटकी बाही मुठीत धरून तिच्या तोंडाकडे बघत होत्या. तिच्या शब्दाला या गल्लीत आजवर कुणी साक्षीदार मागितला नव्हता.

"सोडला होता," ती म्हणाली. "रोज सोडतो. लिहा."

पिंजऱ्याचं दार लागलं. कोळसा भुंकलासुद्धा नाही. गाडी वळेपर्यंत ती दारातून हलली नाही.

"आपल्याच कुत्र्यावर उलटलीस तू," धाकटा म्हणाला.

"तोंड सांभाळ. मुकं जनावर तुझ्या पायी गेलं. आता ऐक. उद्यापासून नर्सबाईंना कोपऱ्यापर्यंत पोचवायला तू जायचं. पिशवी तुझ्या हातात, आणि चार पावलं मागून. त्या मागं वळून बघायच्या थांबल्या, की मग माझ्याशी बोलायला ये."